हवा न धरणारी रायफल

आईने त्या पंपाला पहिल्या दिवसापासून हापसा म्हटलं आणि शेवटपर्यंत हापसाच म्हणत राहिली. "तुजा हापसा जरा बाजूला घे, मला पीठ कुटायचंय," असं ती सकाळी सकाळी म्हणायची. पेणला रामवाडीत आमचं घर. आई पोह्याचे पापड करून दुकानांना द्यायची, त्यामुळे पाठच्या पडवीत उखळीत मुसळ पडल्याचा धपाधप आवाज, आणि त्याच पडवीच्या दुसऱ्या टोकाला मी, दोन पाय पंपाच्या पट्टीवर रोवून, दांडा छातीपर्यंत वर ओढतेय आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली दाबतेय. पहिले पन्नास हात हसतखेळत जायचे. शंभरानंतर खांदे बोलायला लागायचे. दीडशेच्या पुढे तर मी दांड्यावर अक्षरशः लटकायची आणि आई मुसळ थांबवून म्हणायची, "एवढा जोर माज्या पिठाला लावलास तर दोन किलो पापड जास्त व्हतील गो." मी उत्तर द्यायची नाही. उत्तर द्यायला श्वास कुठे असायचा?

ही सगळी हवा जायची एका रायफलीत. छऱ्याची बंदूक म्हणतात ती. पण जत्रेत फुगे फोडायला असते तशी नळी मोडून छर्रा घालायची नव्हे. हिच्या नळीखाली आणखी एक जाड नळी होती, तिच्यात आधीच दाबून हवा भरून ठेवायची. एकदा दोनशेपर्यंत काटा चढला की शंभरेक छर्रे निवांत सुटायचे, आणि सुटताना रायफल हलायची नाही. न हलणं हेच सगळं, हे आज माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना सांगून सांगून माझं तोंड दुखतं. ही रायफल परदेशी होती आणि चांगली म्हातारी होती. लाकडावर टवके, नाव घासून गेलेलं, पुढच्या टोकाला हवा भरायचं भोक आणि त्याच्या शेजारी बोराएवढ्या काचेखाली दाबाचा काटा. रोह्याच्या राणे सरांनी ती पुण्याच्या एका नेमबाजाकडून क्लबासाठी जुनी घेतली होती. क्लब म्हणजे बंद पडलेल्या भातगिरणीतल्या नेम मारायच्या तीन गल्ल्या. मी बारावीला होते. दहावीत असताना एनसीसीत माझा नेम बघून सरांनी बोलावून घेतलं होतं आणि तेव्हापासून दर रविवारी मी रोह्याला जायची.

जायची ती बाबांच्या कंपनीच्या बसने. बाबा रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात फिटर होते. फर्स्ट शिफ्टची बस भल्या पहाटे हायवेवर यायची, निम्मे लोक झोपलेले, कुणाच्या डब्यात सुकटीची चटणी, सगळ्या बसला वास. ड्रायव्हर मला बघून न बघितल्यासारखं करायचा. बंदुकीची लांब पेटी मी दोन सीटच्या मधे उभी धरायची आणि नागोठण्यापर्यंत कुणीतरी हमखास विचारायचं, की आज कुणाचा नंबर गो? बाबा खिडकीबाहेर बघायचे. त्यांना माझी बंदूक आवडत नव्हती असं नाही, पण त्यांचा हिशोब साधा होता. बारावी झाली की पनवेलला नर्सिंग. त्या वर्षी कोजागिरीनंतरच्या रविवारी रोह्याला राज्य स्पर्धेची निवड होती. बाबांनी एका रात्री जेवताना शब्द दिला होता, की राज्याला निवडली गेलीस तर मी मधे येनार नाय. नाही गेलीस तर पेटी सरांना परत, आणि परत विषय काढायचा नाय. मी तेव्हाच्या तेव्हा हो म्हटलं. सतराव्या वर्षी माणूस कशालाही हो म्हणतो.

नवरात्रात सरांनी रायफल घरी न्यायला दिली, पंपासकट. शेजारच्या म्हात्रेकाकांची गणपतीची शेड तेव्हा रिकामी होती. गणपती होऊन गेले की पेणमधल्या निम्म्या शेडी अशाच ओस पडतात, कोपऱ्यात साचे उभे करून ठेवलेले आणि जमिनीवर प्लास्टरची पांढरी भुकटी. बाबांनी टेपने दहा मीटर मोजून दिले, मी टोकाला चिंध्या कोंबलेला पत्र्याचा डबा ठेवला, त्यावर कागद. सकाळी कॉलेजच्या आधी साठ छर्रे, संध्याकाळी साठ. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे आठ दिवस असतील. लग्न झालं, पोरं झाली, तरी हे मी बेधडक लिहितेय, घरच्यांनी वाचलं तर वाचू देत.

नवव्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी ज्याचं जे हत्यार ते पाटावर येतं. बाबांचे पाने आणि हातोडी, कोयता, विळी, आईचं पापडाचं लाटणं. मी आंघोळ करून आले तर पाटाच्या मधोमध माझी रायफल. आईनेच उचलून आणून ठेवली होती. ही तीच आई, जिने दोन वर्षं शेजारणींना मुलगी रोह्याला क्लासला जाते म्हणून सांगितलं होतं. मी दारातच थांबले. तिने झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या, मग ओल्या बोटाने कुंकू घेतलं आणि कुठे लावायचं म्हणून क्षणभर रायफलीकडे बघत बसली. शेवटी पुढच्या टोकाला, हवा भरायच्या भोकावरच, चांगलं दाबून लावलं. "ह्याच तोंडानं खाते ना ती?" असं मला विचारलं. मी मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी उगाच देवघरातली समई सारखी केली.

पूजेचं कुंकू त्याच दिवशी पुसायचं नसतं. आमच्याकडे कुणी पुसत नाही, बाबांच्या पान्यांवर ते दिवाळीपर्यंत असायचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपाची नळी घेतली, कुंकवाचा तो टिळा बघितला, आणि मला काही तो पुसवेना. त्याच्यावरच नळी बसवली आणि पंप मारला. भरण्याआधी तोंड स्वच्छ फडक्याने पुसायचं हे सरांनी मला पन्नास वेळा सांगितलं होतं. आज माझ्या हाताखालच्या पोराने हे केलं तर मी त्याला शेडीभोवती दहा फेऱ्या मारायला लावीन.

दुसऱ्या दिवशी काटा निम्म्यावर. मला वाटलं मीच कमी भरली. परत भरली, परत सकाळी निम्म्यावर. तिसऱ्या दिवशी शंभराच्या खाली, आणि कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर काटा शून्यावर झोपलेला. बरं, झोपला तर झोपला, भरू परत म्हणून पंप मारायला घेतला, तर प्रत्येक हाताला नळीच्या तोंडातून, जिथून छर्रा सुटतो तिथून, फुस्स करून हवा बाहेर. दोनशे हात मारले. काटा जागचा हलला नाही. आई मुसळ टाकून आली, तिनेही वीसेक हात मारून बघितले, तिच्या अंगात माझ्यापेक्षा जोर होता. काही नाही. म्हणजे आधी भरलेली हवा राहत नव्हती आणि आता भरतच नव्हती. रविवार चार दिवसांवर आला होता.

संध्याकाळी बाबा शिफ्टवरून आले आणि हात धुण्याआधी रायफल मांडीवर घेतली. त्यांनी निदान केलं ते शेडीतल्या भुकटीचं. प्लास्टर आत गेलंय, रिंगा खाल्ल्या त्याने. दुसऱ्या दिवशी धाटावच्या नाक्यावरून रबरी रिंगा आणल्या, पंपाच्या टोकावरच्या बदलल्या. फुस्स. मग त्यांनी मशीनच्या तेलाची कुप्पी काढली. फिटर माणसाचा शेवटचा उपाय तेल, आणि बहुतेक वेळा पहिलाही. मी कुप्पीवर हात ठेवला आणि म्हटलं, सरांनी तेल घालू नको म्हणून बजावलंय. बाबा भडकले. वीस वर्षं फिटर आहे मी, म्हणाले, तुझ्या सरांनी किती व्हॉल्व्ह उघडलेत आयुष्यात? मीही माघार घेणाऱ्यातली नव्हते, आमचं दोघांचं चांगलंच वाजलं. तेवढ्यात सरांचा फोन आला, बाबांच्या मोबाईलवर. मी खरं ते सांगितलं. सर म्हणाले, भरतच नसेल तर शनिवारी आणून दे, पुण्याचा माणूस सुट्या भागांसाठी परत घ्यायला तयार आहे. क्लबातली मोडून भरायची बंदूक घेऊन निवडीला उभी राहा, असंही म्हणाले. त्या बंदुकीवर राज्याचे गुण कुणाच्या बापाला पडले नसते, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मी फोन ठेवून पडवीत जाऊन रडले. मोठ्याने रडले, लपवायचं कशाला? बाबा बाहेर आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या माझी सुट्टी हाय. रोह्याला अष्टमीत याकूबकडे जाव. त्यानं नाय सांगितलं तर मग बघू." कुप्पी मात्र त्यांनी पिशवीत घातली. याकूबनेच सांगावं तेल घाल म्हणून, म्हणजे पोरीचं तोंड बंद होईल, हा त्यांचा डाव मला कळला होता.

याकूबचाचा म्हणजे रोह्याला नदीपलीकडे अष्टमीत राहणारे बाबांच्या ओळखीचे. बरीच वर्षं आखातात पाणबुड्यांच्या हवेच्या सिलिंडरांचं काम करून परत आले होते. धाटावच्या कंपन्यांत गॅस सुटला तर पाठीला सिलिंडर बांधून आत जावं लागतं, ते सिलिंडर भरून द्यायचं काम ते घराच्या मागच्या खोलीत करायचे. दाबाखालची हवा कशी वागते हे सगळ्या तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शुक्रवार होता हे आम्ही दोघंही विसरलो. पोचलो तर चाचा पांढरे कपडे घालून मशिदीत निघालेले. बसा म्हणाले, जेवा, मी येतो, आणि पेटीकडे नुसती नजर टाकून गेले. चाचीने तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं, वर लिंबाचं लोणचं. मी भाकरी नुसती मोडत बसले. चाची म्हणाली, "खा गो पोरी, उपाशी राहून बंदूक भरनार हाय का?" मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. चव आजही आठवते, त्यामुळे तेव्हा म्हणत होते तितकी काही मी दुःखात नसणार.

चाचा आले, कपडे बदलले, आणि पहिली नजर गेली ती बाबांच्या पिशवीतून डोकावणाऱ्या कुप्पीवर. त्यांनी ती दोन बोटांनी उचलली, बाहेर गेले, अंगणाच्या भिंतीवर ठेवली आणि परत आले. "सदाभाऊ," ते अगदी शांतपणे म्हणाले, "ह्या दाबात तेलाचा थेंब पेट घेतो. पोरीच्या तोंडाशी धरायची हाय ही." बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही, पण आतून मला केवढा आनंद झाला ते लिहायला आज लाज वाटत नाही.

चाचांनी मला सगळं पहिल्यापासून विचारलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, ही दोन दुखणी आहेत, तुम्ही एक समजून बसलात. आधी हवा हळूहळू गेली ते एक, आणि आता भरतच नाही ते दुसरं. दुसरं सोपं. त्यांनी रायफल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घोडा चढव." मी घोडा चढवला, म्हणजे छर्रा सोडण्याआधी ओढतात तो मागचा दांडा ओढून अडकवला. मग त्यांनी मोठ्या सिलिंडरची नळी लावली आणि चावी केसभर फिरवली. मी नळीच्या तोंडापुढे हात धरून बसले होते. फुस्स नाही. काटा शून्यावरून उठला, तीस, पन्नास, सत्तर. मी ओरडणारच होते.

त्यांनी समजावलं ते असं. आत हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या पाठीवर हा घोडा टेकलेला. आत हवा भरलेली असली तर तिचाच दाब व्हॉल्व्ह घट्ट मिटून धरतो. पण पार रिकामी झाली की घोडा व्हॉल्व्हला ढकलून किंचित उघडा ठेवतो, आणि तुम्ही वरून भराल तेवढी हवा तिथून निघून जाते. घोडा मागे ओढला की व्हॉल्व्ह मोकळा होऊन मिटतो. एवढंच. दोनशे हात मारून माझे खांदे निघाले होते आणि उपाय एवढाच होता. बाबा म्हणाले, "आयला," आणि पुढे सरकून बसले. फिटर जागा झाला होता.

शंभरावर चाचांनी भरणं थांबवलं, नळी काढली आणि पुढच्या भोकावर साबणाचा फेस लावला. एक फुगा आला. मग दुसरा. आमचं पहिलं दुखणं तिथे होतं. ज्या छोट्या व्हॉल्व्हमधून हवा आत जाते आणि परत बाहेर यायची नसते, तोच नीट मिटत नव्हता. अंगणात जाऊन मी छर्रा न घालता नुसताच घोडा सोडत सगळी हवा संपवली, हवा असताना तो भाग उघडायचा नाही म्हणून. मग चाचांनी बारीक पान्याने पुढचा भाग उघडला, एक स्प्रिंग निघाली, आणि व्हॉल्व्हचं डोकं बाहेर आलं ते लाल. सगळ्या रबरावर लालसर चिखल.

चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी पाना खाली ठेवला. "गंज," ते म्हणाले. आतली नळी गंजली असेल तर ती दोनशेच्या दाबाला कधी फाटेल सांगता येत नाही, आखातात असताना असलं एक सिलिंडर गेलेलं त्यांनी बघितलं होतं आणि त्या माणसालाही बघितलं होतं. ही रायफल ते भरणार नव्हते आणि दुसऱ्या कुणाला भरूही देणार नव्हते. बाबांनी हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा हात खांद्यावर आला तेव्हा मला कळलं की संपलं, कारण बाबा असं करणाऱ्यातले नव्हते.

मी ते व्हॉल्व्हचं डोकं उचललं. का उचललं, माहीत नाही, निरोप घ्यायला उचललं असेल. बोटाला लाल लागलं. मी बोट नाकाशी नेलं. लोखंडाचा वास मला माहीत होता, बाबांच्या कपड्यांना रोज यायचा. हा तो नव्हता. ह्याला हळदीचा वास होता, आमच्या देवघराचा. मी रबर वळवून बघितलं तर स्प्रिंगच्या वेढ्यात तांदळाचा अर्धा दाणा अडकलेला, पिवळा.

"चाचा, हा गंज नाय," मी म्हटलं. "हे कुंकू हाय."

तिघंही माझ्या बोटाकडे बघत राहिले. चाचीने ओलं पांढरं फडकं दिलं, मी त्याच्यावर बोट पुसलं आणि फडक्यावर लाल रंग पसरत गेला. गंज असा पसरत नाही, तो खरखरतो आणि तिथेच राहतो. मी खंडेनवमीची सगळी गोष्ट सांगितली. टिळ्यावरूनच नळी लावली, आणि आईने बोटाने लावलं होतं ते मी दीडशे हात मारून आत कोंबलं. बाबांच्या पोटातून असं हसू फुटलं की ते खाटेवर मागे कलंडले. चाची म्हणाली, "अल्ला, बंदुकीलाबी कुंकू लावता तुमी?" आणि तीही पदर तोंडाला लावून हसत सुटली.

चाचा मात्र हसले नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांना अजून मानते. त्यांचं म्हणणं, कुंकू आहे हे कळलं, पण गंज नाहीच हे कुठे कळलं? त्यांनी बारीक टॉर्च आणली आणि भोकाला डोळा लावून, रायफल फिरवत फिरवत, बराच वेळ आत बघितलं. शेवटी त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली. आत नळी स्वच्छ, कोरडी, आरशासारखी चकचकीत होती. "बुढी हाय पण तब्येत चांगली हाय," ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे हसले.

पुढचं काम तासाभराचं. कोरड्या सुती फडक्याने सगळं पुसलं, रबर बदललं, नव्या रबराला खसखशीएवढं पांढरं सिलिकॉनचं ग्रीस लावलं, दुसरं काही नाही. बाबा पान्यापुढे पाना देत होते. घोडा चढवून, चावी केसभर उघडून, थांबत थांबत भरली, कारण घाईने भरली की नळी तापते आणि थंड झाली की काटा उतरतो, मग माणूस उगाच गळतीचा संशय घेत बसतो. दोनशे. फेस लावला. फुगा नाही. मी काचेवर काट्यापाशी पेन्सिलने बारीक रेघ मारली. दोन वेळा चहा झाला, काटा रेघेवर. निघताना चाचा म्हणाले, रविवारी सकाळी बघ, रेघेवर असला तर समज झालं.

घरी येताना गाडीत बाबांनी बजावलं, आईला सांगू नको, तिला लागेल. मी कबूल केलं. आणि दारात आईने विचारलं काय झालं होतं, तर मी ताबडतोब सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही, आजही राहत नाही. आई लाटणं हातात घेऊन तशीच बसली. मग एवढंच म्हणाली, "माज्यामुलं गो?" मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "तुज्यामुलं नाय. मी पुसलं नाय म्हनून." तिला पटलं नाही. शनिवारभर ती माझ्याशी धड बोलली नाही आणि दर तासाने पडवीत जाऊन काचेतला काटा बघून यायची. चष्म्याशिवाय तिला तो दिसत नव्हता, हे मला नंतर कळलं.

रविवारी पहाटे मी पेटी घेऊन निघाले तर आई नवी साडी नेसून दारात उभी. कंपनीच्या बसमध्ये ती पहिल्यांदा चढली. कुणीतरी विचारलंच, आज कुणाचा नंबर गो? आईने मागे वळून सांगितलं, "माज्या पोरीचा." सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं. क्लासबिस काही नाही.

भातगिरणीत बाहेरगावची माणसं, अलिबागच्या पोरी, नव्या कोऱ्या रायफली. सरांनी माझी रायफल घेतली, काटा बघितला, पेन्सिलची रेघ बघितली. काटा रेघेवर होता. शुक्रवारचा? त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी ती मला परत दिली आणि बाजूच्या पंचांना हाताने खुणावून दाखवलं ते मी बघितलं. चाळीस छर्रे. पहिल्या दहात मी घाबरले आणि दोन वाईट गेले. मग मी डोळे मिटले आणि रायफलीचा भार ऐकला, म्हणजे काय ते नेमबाजालाच कळेल, आणि डोळे उघडल्यावर ती माझ्या हातात एवढी निश्चल होती की मला तिची दया आली, मी तिला शनिवारी परत द्यायला निघाले होते म्हणून. त्यानंतर मला काही आठवत नाही, फक्त छऱ्याचा टक् असा आवाज आणि कागदाच्या मधोमध मोठं होत जाणारं भोक. शेवटचे चौदा छर्रे दहाचे गेले, ओळीने. तीनशे सत्तर लागत होते, माझे झाले तीनशे अठ्ठ्याहत्तर. अलिबागच्या पोरींपैकी एकच माझ्या पुढे होती.

बाबा शिफ्ट सोडून गिरणीच्या फाटकाशी आलेले होते, कंपनीच्या गणवेशात. सरांनी आकडा सांगितला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला आणि मग आईकडे बघून म्हणाले, "पनवेलला कळवून टाक, पोरगी येत नाय." एवढ्या माणसांत मी त्यांना मिठी मारली. फिटरच्या शर्टाचा तेलकट वास माझ्या नव्या कुडत्याला लागला आणि कितीही धुतलं तरी गेला नाही.

सरांनी टेबलावर राज्य स्पर्धेचा अर्ज काढला आणि माझी माहिती भरायला घेतली. वय, कॉलेज, गुण. मग एक रकाना आला, रायफल कुणाच्या मालकीची. त्यांनी क्लबचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. पेन माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "तुझं नाव लिही. क्लबाने ती सुट्या भागांना द्यायला काढली होती." आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, तिला वाचता फारसं येत नव्हतं पण घरातली नावं तेवढी ओळखायची. रकाना लहान होता. मी अक्षर बारीक केलं आणि लिहिलं, वैशाली कमल सदानंद पाटील. कमल हे आईचं नाव. माझ्या नावात ते तोवर कुणी लिहिलं नव्हतं. तिने ते बोटाने चाचपून बघितलं आणि सरांना म्हणाली, "ह्ये मी हाय."